२०२५चा फलक लिहायचा कसा?

नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय : "२३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी आम्ही दरवर्षी 'भारताची वर्षभराची झेप' असा मोठा फलक करतो. यंदा २०२५चा करायला बसलो, तर शिक्षकखोलीतच दोन तट पडले. एक सर म्हणतात, हे सोन्याचं वर्ष. आपला माणूस अवकाश स्थानकात राहून आला, दोन उपग्रह एकमेकांना जोडले, निसार हा रडार उपग्रह वर गेला. दुसऱ्या मॅडम म्हणतात, पीएसएलव्ही रॉकेट पडलं, तेजस विमान पडलं, अहमदाबादला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, सोनं कसलं? तुमचं आयुष्य विमानांत गेलंय. वर्षाची प्रगती मोजायची तरी कशी?"

मॅडम, तुमचे सर आणि त्या मॅडम, दोघंही बातम्या मोजतायत. आमच्या धंद्यात विमान चांगलं की वाईट हे बातमीवरून ठरत नाही, पुस्तकावरून ठरतं. मी वायुसेनेत वीस वर्षं इंजिन फिटर होतो, त्यातली शेवटची काही इथेच, वायुसेनानगरात. नंतर एएमईचं, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचं लायसन्स काढलं आणि विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक पट्ट्यात हँगरमध्ये लागलो. वायुसेनेत त्या पुस्तकाला फॉर्म ७०० म्हणायचे, नागरी विमानात टेक लॉग म्हणतात. वैमानिक उतरला की त्यात स्नॅग लिहितो : अमुक दिवा लागला, तमुक ठिकाणी कंप जाणवला. त्याच्यासमोर आम्ही काय केलं ते लिहितो आणि खाली सही ठोकतो. नवीन विमान हातात आलं की जुना फिटर आधी रंग बघत नाही, मागची पन्नास पानं चाळतो. त्यात तो एकच शोधतो : रिपीट स्नॅग. एकदा आलेला दोष कोणालाही येतो. दुरुस्त करून सही केल्यावर तोच दोष परत आला, तर दोष विमानात नाही, आपल्या कामात आहे.

आता हेच पुस्तक देशाचं समजा आणि २०२५ची पानं उघडा.

सुरुवात चांगली आहे. स्पेडेक्स या अवकाशातल्या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह, प्रत्येकी साधारण २२० किलोचे, ३० डिसेंबर २०२४ला पीएसएलव्हीने वर नेले. जोडणी ७ जानेवारीला ठरली होती, ती ९ वर गेली, मग तीही टळली. १२ला दोन्ही उपग्रह १५ मीटरवर, मग ३ मीटरवर आणले आणि पुन्हा मागे घेतले. टीव्हीवाले वैतागले होते. मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. तीन मीटरवर आणून मागे फिरायला जोडण्यापेक्षा जास्त हिंमत लागते, कारण जग बघत असतं आणि आकडे अजून मनासारखे नसतात. १६ जानेवारीला जोडणी झाली, भारत असं करणारा चौथा देश ठरला आणि मोठे मथळे आले. माझ्या लेखी त्याहून मोठी नोंद २० एप्रिलची. मार्चमध्ये दोघांना वेगळं केलं होतं, एप्रिलमध्ये परत जोडलं, यावेळी शेवटचं १५ मीटरचं अंतर उपग्रहांनी स्वतःच्या अकलेने कापलं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे वीजही गेली. ती बातमी पेपरात कुठल्या पानावर होती आठवतं का? मला तरी शोधावी लागली. पहिली जोडणी दाखवते की जमू शकतं. दुसरी दाखवते की जमलं ते योगायोगाने नव्हतं. पुढे स्वतःचं अवकाश स्थानक तुकड्यातुकड्यांनी जोडायचं असेल, तर हीच गोष्ट कंटाळा येईपर्यंत करावी लागणार.

हाच निकष एलव्हीएम३ या आपल्या सगळ्यांत मोठ्या रॉकेटला लावा. २ नोव्हेंबरला त्याने ४,४१० किलोचा सीएमएस-०३ हा संचार उपग्रह नेला. २४ डिसेंबरला अमेरिकन कंपनीचा ब्लूबर्ड नेला, सुमारे ६,१०० किलोचा, आपल्या भूमीवरून गेलेला सगळ्यांत जड. फलकावर सगळे वजन लिहितील. तुम्ही मधले दिवस लिहा : ५२. एवढ्या मोठ्या रॉकेटची एवढ्या लवकर दुसरी फेरी आपण आधी केलेली नाही. एसटीचं कसं असतं, गाडी नवीन आहे याचं कौतुक पहिल्या दिवशी. नंतर ती रोज वेळेवर फलाटाला लागते का, एवढंच लोक बघतात.

फेऱ्या मोजायच्या तर चित्र तितकं गोड नाही. श्रीहरिकोटाहून कक्षेसाठी निघालेली उड्डाणं २०२३ मध्ये सात, २०२४ मध्ये पाच, २०२५ मध्ये पुन्हा पाच. त्याच २०२५ मध्ये एकट्या स्पेसएक्सने दीडशेच्या वर उड्डाणं केली. त्यांचा पैसा वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, शिवाय बरीचशी उड्डाणं त्यांच्या स्वतःच्याच उपग्रहांची. तुलना करून छाती पिटण्यात अर्थ नाही. पण आपलाच आकडा आपल्याच आकड्याशी ताडून बघायला हरकत नाही, आणि तो वाढलेला नाही. तिसऱ्या लाँचपॅडला जानेवारी २०२५ मध्ये ३,९८४ कोटींची मंजुरी मिळाली आहे. ते उभं राहीपर्यंत दोन पॅडवरच गाडा ओढायचा आहे.

आता स्नॅगची पानं. इथे जरा थांबतो, कारण शिकवण्यासारखं सगळ्यांत जास्त इथेच आहे.

२९ जानेवारीला जीएसएलव्हीने एनव्हीएस-०२ हा दिशादर्शन उपग्रह नेला. श्रीहरिकोटाचं ते शंभरावं उड्डाण, त्यामुळे हार-तुरे झाले. रॉकेटने काम चोख केलं. पण नंतर उपग्रहाला स्वतःचं इंजिन पेटवून लंबगोल कक्षेतून वरच्या गोल कक्षेत जायचं होतं, आणि इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारा द्रव) पोचवणारा व्हॉल्व्ह उघडलाच नाही. इंधन आहे, इंजिन आहे, उपग्रह धडधाकट आहे, आणि मधला एक नळ उघडत नाही. विद्यार्थ्यांना हे समजवायला रॉकेटविज्ञान लागत नाही. उन्हाळ्यात टाकी भरलेली असताना गच्चीवरची तोटी जाम झाली की काय होतं ते नागपूरच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. याची किंमत मात्र मोठी आहे. 'नाविक' या आपल्या जीपीएससारख्या प्रणालीतले जागा अचूक सांगू शकणारे चारच उपग्रह उरले आहेत, असं सरकारने त्याच वर्षी सांगितलं होतं. जागा काढायला किमान चार लागतात, तीन दिशांसाठी तीन आणि घड्याळातली चूक सुधारायला चौथा. म्हणजे तेव्हाच एकही हाताशी जादा नव्हता.

मग १८ मे, पीएसएलव्ही-सी६१. पहिले दोन टप्पे व्यवस्थित, तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब घसरला, ईओएस-०९ हा पृथ्वी बघणारा रडार उपग्रह गेला. हा तिसरा टप्पा घन इंधनाचा असतो, आणि घन इंधन म्हणजे काय ते समजल्याशिवाय हा अपघात समजत नाही.

दिवाळीतला अनार घ्या. एकदा वात पेटली की तो आपल्या मर्जीने जळतो, मध्ये थांबवता येत नाही, कमीजास्त करता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, हा अनार चांगला आहे की नाही हे तोच अनार पेटवून बघता येत नाही. पेटवला की संपला. द्रव इंधनाच्या इंजिनाचं तसं नसतं. तमिळनाडूत महेंद्रगिरीला ते बाकावर बांधून पेटवतात, आकडे घेतात, बंद करतात, आणि तेच इंजिन पुढे उडवता येतं. घन मोटरला ही सोय नाही. रबरासारखं बंधक, अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड कालवून तो लगदा साच्यात ओततात आणि आळायला ठेवतात, आपण वड्यांचं सारण थाळीत थापतो तसं. वडीला मध्ये भेग गेली किंवा ती थाळीच्या कडेपासून सुटली, तर आपलं काही बिघडत नाही. मोटरमध्ये तीच भेग म्हणजे जळायला मिळालेला नवा पृष्ठभाग, आणि त्याबरोबर दाबाचं सगळं गणित बिघडतं. बाहेरचं कवच वजन वाचवण्यासाठी धातूचं न करता तंतू गुंडाळून केलेलं असतं. त्याला एक कुठे ढिला धागा राहिला तर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक्स-रे काढतात, अल्ट्रासाउंड करतात, प्रत्येक खेपेच्या कच्च्या मालाची नोंद ठेवतात. चाचणी करता येत नसल्यामुळे सगळा भरवसा प्रक्रियेवर. सी६१मध्ये यातलं नेमकं काय चुकलं हे मी सांगत नाही, तो अंदाज होईल. मी फक्त सांगतोय की अशी चूक शोधायची झाली तर ती उड्डाणाच्या दिवशी सापडत नाही, काही महिने आधीच्या कुठल्या तरी पाळीत, कुणाच्या तरी सहीत सापडते.

रॉकेटचा टप्पा म्हणजे किती मोठा ऐवज असतो ते विदर्भाला वेगळं सांगायला नको. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी नागपूरवरून जळत गेलेल्या त्या रेषा तुमच्यापैकी पुष्कळांनी गच्चीवरून पाहिल्या असतील. त्याच संध्याकाळी चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ते एका चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असल्याचं जाणकारांनी ताडलं होतं.

तर सी६१. पीएसएलव्ही हे आपलं सगळ्यांत भरवशाचं वाहन. १९९३चं पहिलं उड्डाण फसलं, २०१७ मध्ये एकदा वरचं आवरण सुटलंच नाही, असे थोडे डाग सोडले तर पान स्वच्छ. त्यामुळे एका अपयशाने मी हललो नव्हतो. हललो ते नंतर. १२ जानेवारी २०२६ला सी६२ उडालं, आणि तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी बिघाड होऊन तेही गेलं. तारीख पुढच्या वर्षाची, पण नोंद २०२५च्याच पानाला जोडून वाचावी लागेल. दोन्ही वेळचं कारण एकच होतं असा माझा दावा नाही. पण जागा तीच. हँगरमध्ये असं झालं तर नेहमीच्या दुरुस्तीची पद्धत बंद होते. वेगळी माणसं बोलावतात, मागच्या वेळी सही केलेल्याला बाजूला ठेवतात, आणि कोऱ्या कागदावरून सुरुवात करतात. त्याच्यावर संशय असतो म्हणून नाही, एकदा 'सापडलं' असं वाटलेल्या माणसाला दुसऱ्यांदा तिथेच बघायची सवय लागते म्हणून. हे मी स्वतःवरून सांगतोय. एका इंजिनाची तेलगळती मी दोनदा 'दुरुस्त' केली होती, दोन्ही वेळा त्याच सीलवर. तिसऱ्यांदा माझ्या हाताखालच्या पोराने पाच मिनिटांत वरच्या नळीचा बारीक तडा दाखवला. तेल वरून ओघळून सीलपाशी थेंब धरत होतं.

तुमच्या फलकावरचा खरा वाद मला इथे दिसतो. सी६१च्या चौकशीचा अहवाल लोकांसमोर आला नाही. आता अहमदाबाद घ्या. १२ जून २०२५ला ड्रीमलायनर पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ गेले आणि जमिनीवरचे १९. याला कुणी प्रगतीच्या फलकावर कशाला घेईल? पण बरोबर एका महिन्याने विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या फरकाने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याचं त्यात होतं. का गेले, ते त्यात नव्हतं. लोक चिडले, तर्क लढवले, वैमानिकांच्या संघटना नाराज झाल्या. ते सगळं मान्य करूनही सांगतो, ३० दिवसांत प्राथमिक अहवाल ही आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने घालून दिलेली रीत आहे, आणि आज तुम्ही पुणे-नागपूर विमानात निर्धास्त झोपता ते तिच्यामुळे. दुसऱ्याचा अपघात वाचून तिसऱ्याने आपला स्क्रू तपासायचा, हा विमानशास्त्राचा शंभर वर्षांचा धडा. रॉकेटच्या जगात अशी कुणावर सक्ती नाही. प्रत्येक देश आपापल्या मनाने ठरवतो.

आणि इस्रोला मोकळेपणाने बोलता येतं, हे आपण पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२चं विक्रम हे उतरणारं यान चंद्रावर आदळलं. पुढे इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं की इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, आणि उतरायला ५०० गुणिले ५०० मीटरचा तुकडाच दिला होता. चांद्रयान-३ला ४ गुणिले २.४ किलोमीटरची जागा दिली, मधलं पाचवं इंजिन काढलं, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेझरचं यंत्र बसवलं. ते चंद्रावर उतरलं तो २३ ऑगस्ट २०२३ उजाडायला चार वर्षं लागली. तुमचा राष्ट्रीय अंतराळ दिन आहे ना, तो एका नीट लिहिलेल्या स्नॅगचा वाढदिवस आहे असं मी पोरांना सांगतो.

अवकाश स्थानकात राहून आलेल्या शुभांशु शुक्ला यांच्याबद्दल तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण मला वेगळं वाटतं. २५ जून ते १५ जुलै, राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी. रॉकेट अमेरिकेचं, कुपी अमेरिकेची, आपण तिकीट काढलं, हे खरंच आहे. पण ते उड्डाण ११ जूनला ठरलेलं असताना फाल्कन-९ या त्या रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती सापडली होती. गळतीचं मूळ सापडून दुरुस्ती तपासली गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा आग्रह आपल्या चमूने धरल्याचं इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. दुसऱ्याच्या हँगरमध्ये, दुसऱ्याच्या यंत्रावर, घाई असताना 'थांबा' म्हणायचं. मी हे आयुष्यात तीनचार वेळा केलंय आणि दर वेळी घसा कोरडा पडलाय. स्वतःच्या गगनयानात माणूस बसवायचा तर हा सराव लागणारच. त्याचं बिनमाणसाचं पहिलं उड्डाण २०२५ अखेर होईल म्हणत होते, ते झालं नाही. ऑगस्टमध्ये मात्र चिनूक हेलिकॉप्टरमधून कुपीचा नमुना सोडून छत्र्या उघडून पाहिल्या.

निसारबद्दल थोडक्यात, नाहीतर मी वाहवत जाईन. ३० जुलैला जीएसएलव्हीने नेला, सुमारे २,४०० किलो, १२ मीटर व्यासाचा जाळीचा ॲंटेना छत्रीसारखा १५ ऑगस्टला उघडला. एक रडार नासाचं, साधारण २४ सेंटिमीटर तरंगलांबीचं, दुसरं इस्रोचं आखूड तरंगलांबीचं. ढग असोत की रात्र, दर १२ दिवसांनी तीच जमीन परत बघायची आणि मागच्या वेळेपेक्षा ती किती हलली ते काढायचं. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात जमीन कुठे खचतेय, काळ्या मातीत ओल किती आहे, हे कपाशीच्या पानांआडून कळण्यासाठीच अशी लांब लहर लागते. हा उपग्रहसुद्धा बघा कशावर जगतो : परत परत बघण्यावर. तुमच्या मुलांना प्रत्यक्ष काही दाखवायचं असेल तर अमरावती रोडवर इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे, रीतसर पत्र देऊन विचारून बघा. रामन विज्ञान केंद्र तर तुमचं पाठ असेलच.

आता विमानं. इथे माझा जीव अडकलाय.

२६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ पासून ६२ वर्षं. त्याच्या आर-२५ इंजिनावर माझी नखं काळी झालीत, त्यामुळे समारंभ टीव्हीवर बघताना डोळे ओले झाले हे लपवत नाही. पण समारंभ संपल्यावर उरला तो हिशेब : लढाऊ स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, मंजूर ४२, हातात २९. मिगची जागा घ्यायची तेजस मार्क-१एने. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१चा, पहिलं विमान मार्च २०२४पर्यंत मिळायचं होतं, २०२५ संपलं तरी वायुसेनेच्या हाती एकही पडलं नव्हतं. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटींचा करार झाला. १७ ऑक्टोबरला नाशिकच्या कारखान्यात बनलेलं पहिलं मार्क-१ए उडालं. आणि २१ नोव्हेंबरला दुबईच्या प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले.

अडलं कुठे? बरंचसं इंजिनात. अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली, पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये, वर्षअखेरपर्यंत मोजकीच आली. सांगाडा आपला, पंख आपले, उडवायची संगणकप्रणाली आपली, आणि विमान रांगेत उभं, कारण मधलं भोक रिकामं. आम्ही नागरी विमानांत याला एओजी म्हणतो, विमान जमिनीवर. एकदा एका विमानासाठी आठ दिवस थांबलो होतो, कुणाचं ते सांगत नाही. हवं होतं एक रबरी सील, मनगटातल्या कड्याएवढं. परदेशातून निघालं, कुठल्या तरी गोदामात कागदांवरून अडलं. आठ दिवस शेकडो कोटींचं विमान त्या कड्याची वाट बघत उन्हात तापत होतं.

इंजिन आपल्याला का बनवता येत नाही, हा प्रश्न तुमची मुलं नक्की विचारतील. उत्तर मी हँगरमध्ये दाखवतो ते सांगतो. मे महिन्यातली रात्र, अकरा वाजले तरी छताचा पत्रा तापलेला, पाना हातात घ्यायचा तर मोजे हवेत. दिवसा ४५ अंश असतं तेव्हा हवा विरळ, इंजिनाला त्याच जोरासाठी जास्त तापावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही आतली पाती जास्त बारकाईने बघतो. बोटाएवढ्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली नळी, आत सारायचा, एकाने गिअरबॉक्सला हँडल लावून इंजिन हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने पडद्यावर एकेक पातं मोजत जायचं. टर्बाइनचं पातं, साधारण दोन बोटांएवढं. त्याच्या अंगावर सुईने टोचल्यासारखी छिद्रं, त्यांतून थंड हवा बाहेर येऊन पात्याभोवती पातळ पदर धरते. पदर का लागतो? कारण बाहेरून वाहणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूहून जास्त तापलेला असतो. शिवाय ते पातं मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतं. साध्या धातूत बारीक बारीक स्फटिकांचे कण असतात आणि ताण आला की फाटायला सुरुवात त्या कणांच्या सांध्यांतून होते. म्हणून हे अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात, सांधाच नको. एखादं छिद्र बुजलं तर तिथे पडद्यावर भाजलेल्या भाकरीसारखा काळा डाग दिसतो, आणि त्या रात्री चहा गोड लागत नाही.

असं एक पातं बनवता येणं आणि सारखी शंभर पाती, दरवर्षी, एकही खोटं न निघता बनवता येणं, यात काही दशकांचं अंतर आहे. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेने अशी एकस्फटिकी पाती केली आहेत, २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती एचएएलला, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सला दिली. कावेरी या देशी लढाऊ विमान-इंजिनाचा प्रकल्प १९८९चा. त्याला कुणी हसलं की मला राग येतो आणि कुणी 'झालंच आता' म्हटलं की त्याहून जास्त येतो. वाण्याच्या दुकानात मिळत नाही हे ज्ञान, आणि ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत.

नागपूरचा स्वतःचा रकाना ठेवा, पण जरा हात राखून. १९४९ पासून पुढे काही वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूर विमानतळावर उतरून थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. म्हणजे हे शहर विमानांच्या नकाशावर नवं नाही. मिहानमध्ये ड्रीमलायनरच्या केबिनच्या फरशीखालच्या कंपोझिट तुळया बनल्या आहेत, फाल्कन या फ्रेंच खासगी जेट विमानांचे पुढचे भाग बनतात. जून २०२५ मध्ये पॅरिसला जाहीर झालं की फाल्कन २००० एलएक्सएस हे अख्खं विमान इथे जुळेल, फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि पहिलं २०२८पर्यंत द्यायचं. माझ्या दोन पोट्ट्यांनी (शिकाऊ पोरं, माझी नव्हे) लगेच बायोडेटा तयार केले. मी म्हटलं, आधी लॉकवायर (नट-बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायची तार) नीट पिळायला शिका, कापलेलं टोक बोटात घुसतं.

तर फलक. माझं ऐकाल तर 'यश' आणि 'अपयश' असे दोन रकाने करू नका. पहिला करा 'पहिल्यांदा केलं' : शुक्ला, निसार, नाशिकचं तेजस, जानेवारीची जोडणी. दुसरा 'पुन्हा केलं' : एप्रिलची जोडणी, ५२ दिवसांतली एलव्हीएम३ची दुसरी फेरी. तिसरा 'बिघडलं', त्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर एक छोटा चौकोन, कारण लोकांना कळलं तर बरोबरची खूण, नाही कळलं तर कोरा. एनव्हीएस-०२समोर खूण करता येईल, निदान व्हॉल्व्हपर्यंत. सी६१समोर कोरा. अहमदाबादसमोर अर्धी. चौथा 'तारीख दिली होती' : मार्क-१ए, गगनयान, फाल्कन. हा पेन्सिलीने लिहा, पुढच्या वर्षीच्या तुकडीला खोडता यायला हवा.

दुसरा रकाना पहिल्यापेक्षा आखूड निघेल. मुलांनी विचारलं का, तर तिथून तास सुरू करा, वर्षभराचं साहित्य आहे त्यात. बोअरस्कोपमधून काढलेले पात्याचे फोटो शाळेला देता येतात का ते मी विचारून बघतो, परवानगी लागते. जळकं, काढून टाकलेलं एखादं पातं मिळालं तर अजून बरं. पण ते भंगारातही मोजून, नंबर लिहून जातं, त्यामुळे आशा धरू नका.